गिरिजेची तीट

सेलू
१९ सप्टेंबर १९८८

अक्का, शरणार्थ.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी आलीस आणि कपातला चहा तसाच ठेवून उठलीस. उंबऱ्याबाहेर काढलेली चप्पलसुद्धा घातली नाहीस. शेजारच्या नर्मदाबाईंनी लगेच विचारलं, "मल्लम्मा, तुझी बहीण अनवाणीच स्टँडकडं निघाली, काय झालं गं?" मी म्हटलं, तिला गाडी गाठायची होती. सेलूहून परभणी, परभणीहून गंगाखेड, तिथून पालम, एवढा रस्ता तू अनवाणी गेलीस. तुझा राग मला नवा नाही. पण रागापायी पायात काचा भरून घेणं हे काय शहाणपण झालं?

तू माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तूच माझ्या वेण्या घातल्यास, म्हणून मी कधी उलटून बोलले नाही. आज बोलते. "ही माझी लेक न्हाई" असं तू म्हणालीस, ते मला लय लागलं. मी काय परक्याचं लेकरू तुझ्या हातात दिलं होतं?

चित्र गिरिजेचंच आहे. ती सहा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडं वीस दिवस राहिली होती. ओट्यावर बसून मीठ लावून कैरी खायची आणि मी समोर बसून तिला काढायची. आमचे मास्तर जाऊन दोन वर्षं झाली होती. शाळेत चित्रं शिकवणाऱ्या माणसाचे ब्रश पेटीत नुसते पडून होते, ते मी त्या सुट्टीत पहिल्यांदा बाहेर काढले. कैरी आंबट लागली की ती डोळे बारीक करायची, पुढचा पडलेला दात दिसायचा, आणि "मावशी, झालं का?" म्हणून दर पाच मिनिटांनी उठून बघायला यायची. तसे वीस दिवस माझ्या आयुष्यात पुन्हा आले नाहीत.

तिचं दुसरं काहीच आपल्याकडं नाही, हे काय मला ठाऊक नाही? फोटोवाला दारात आला तर तुझ्या सासूबाईंनी त्याला हाकलून दिलं होतं, लेकराचा फोटो काढला की नजर बसते म्हणून. माझं चित्र बघून तूही आधी घाबरलीसच की. मग कमरेची काजळाची डबी काढलीस, करंगळी बुडवलीस आणि कागदावरच्या गिरिजेच्या डाव्या गालाला तीट लावलीस. "आता बघू दे कोणाला काय बघायचं ते," म्हणालीस. बोटाला उरलेलं काजळ माझ्या कानामागं पुसलंस, मी परकरात होते तेव्हापासून पुसत आलीस तसं. वर म्हणालीस, "तुला कोण नजर लावतंय, काळतोंडे." आपण तिघी किती हसलो होतो.

तो मे महिना. श्रावणात गिरिजा गेली. दिवाळीआधी तू ते चित्र फडक्यात बांधून माझ्याकडं आणून दिलंस आणि म्हणालीस, "माझ्या घरात मला हे बघवंना. तुझ्यापाशी ठेव. लागंल तवा मागीन." दहा वर्षं मागितलं नाहीस. आता मागितलंस, मी दिलं. तू गालावर बोट फिरवलंस, कागद उलटा करून मागून बघितलास आणि खाली ठेवलास. कागदाच्या मागं काय असतंय, अक्का? दहा वर्षांत रंग उतरतो, कागद पिवळा पडतो. तुझी न् माझी तरी तोंडं तशी राहिलीत का?

चप्पल जपून ठेवली आहे. कोणी पालमला येणारं असलं तर पाठवीन. राग गेला की लिही.

तुझी मल्लू

सेलू
१५ जानेवारी १९८९

अक्का, शरणार्थ.

पाकिटात थोडा तिळगूळ घातला आहे. टपालात चुरा होईल, पण चुरा तरी खा.

मागचं पत्र वापस आलं नाही, म्हणजे तू घेतलंस. मी एवढ्यावरही खूष आहे. आमचा टपालवाला सिताराम रोज दारात थांबून सांगतो, "ताई, पालमचं काही न्हाई." मी न विचारताच सांगतो, मेला.

मागच्या पत्रात मी आगाऊपणा केला. तू मागून काय बघितलंस ते मला ठाऊक होतं. तुझ्या काजळात एरंडेल असतं. त्या तिटेचं तेल कागदात मुरलं होतं आणि मागं हरभऱ्याच्या डाळीएवढा पिवळा डाग उतरला होता. मी तुला दिलेल्या कागदामागं डाग नव्हता. ती तीट मी ब्रशानं काढली होती, काळ्या रंगानं. चित्रही नक्कल होती. मी तुला नक्कल दिली, अक्का.

आता ते कसं झालं ते सांगते. चार-साडेचार वर्षांपूर्वी एका साप्ताहिकात जाहिरात आली होती, मुंबईचं एक दुकान हातानं काढलेली चित्रं टपालानं मागवतं आणि टपालानंच लोकांना विकतं. गिऱ्हाईक आपल्याला दिसत नाही, आपण गिऱ्हाइकाला दिसत नाही. मी कापूस वेचणाऱ्या बायांचं एक चित्र पाठवलं, ते वापस आलं. पोळ्याच्या बैलांचं पाठवलं, तेही आलं. मग मी गिरिजेच्या चित्राची हुबेहूब नक्कल करून पाठवली. आठव्या दिवशी पत्र आलं, "चित्र फार जिवंत आहे. विकले गेले. आणखी पाठवा."

तुला खोटं वाटेल, मी ते पत्र छातीशी धरून घरभर फिरले. मास्तर असताना मी नुसती मास्तरीणबाई होते, मास्तर गेल्यावर गल्लीतली विधवा. मुंबईत कोणीतरी मला चित्रकार म्हणालं होतं. नर्मदाबाईंना दोनदा वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं, आता तरी उसवलेलं शिवायचं बंद कर." पण मी पत्र तुला दाखवलं नाही. काहून दाखवलं नाही, ते मी तेव्हाही मनाला विचारलं नव्हतं.

मग मागणी यायला लागली. प्रत्येक पत्रात एक नवी सूचना असायची. डोळे बारीक आहेत, मोठे करा. दात पूर्ण दाखवा. कैरीऐवजी पिकलेला आंबा द्या, रंग उठून दिसतो. गालावरचा काळा डाग काढा. मी काढत गेले. सुरुवातीला हसू यायचं, की बाई, तिटेला डाग म्हणायलेत! नंतर हसूही येईना. एका बैठकीत तीन-तीन गिरिजा व्हायच्या, तोंडं आधी, झगे नंतर. सुपारी फोडावी तसा हात चालायचा.

दोन वर्षांपूर्वी असंच एक पार्सल बांधताना चुकून खरं चित्र त्यात गेलं. सगळे कागद एकाच आकाराचे होते. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. चूक झाली, अक्का. माणसाकडून होते.

तुझी मल्लू

सेलू
२१ ऑगस्ट १९९०

अक्का,

आज बारा वर्षं झाली. सकाळपासून तू काय करत असशील ते मला इथं बसून दिसतंय. शेतात जाऊन तिच्या मातीवर बेलाचं पान ठेवलं असशील आणि कोणाशी बोलली नसशील.

मागच्या पत्रात मी लिहिलं, चित्र चुकून गेलं. ते खोटं होतं. त्यानंतर दीड वर्ष मी तुला काही लिहिलं नाही, कारण दुसरं खोटं सुचत नव्हतं आणि खरं लिहवत नव्हतं.

खरं असं आहे. दुकानाचं पत्र आलं होतं, की हल्लीच्या चित्रांत जीव नाही. गिऱ्हाइकं वापस पाठवायलीत. पहिल्यासारखं एक आठ दिवसांत पाठवा, नाहीतर पुढं मागवणार नाही. मी बसले. एक काढलं, फाडलं. दुसरं काढलं, फाडलं. हातातून तीच मोठ्या डोळ्यांची, आंब्याची पोरगी उतरायची. मग पेटी उघडून तुझं फडकं सोडलं. म्हटलं, समोर ठेवून बघून काढू. समोर ठेवलं तर काय सांगू, कागदावर लेकरू बसलं होतं. आता उठून "मावशी, झालं का?" म्हणंल असं.

त्याच दुपारी मी ते पुठ्ठ्यात घातलं, सुतळीनं बांधलं आणि स्वतः टपालात नेऊन टाकलं. कोणी फसवलं नाही, कोणी घाई केली नाही. पोस्टात रांगेत चार माणसं माझ्यापुढं होती, म्हणजे वापस फिरायला वेळही होता.

पैशाची अडचण होती असं लिहिलं तर तू कदाचित माफ करशील, पण तसंही नव्हतं. मास्तरांचं पेन्शन होतं, शिवणकाम होतं. मला त्यांच्याकडून पुन्हा एकदा 'जिवंत' असं ऐकायचं होतं, एवढंच. आणि मनात म्हटलं, अक्का आठ वर्षांत मागायला आली नाही, आता काय मागते. हे लिहिताना माझी मलाच शिसारी यायली.

त्यांचं उत्तर आलं. एकच ओळ होती, "असेच पुढे पाठवत जा."

त्यानंतर मी एकही चित्र पाठवलं नाही. रंग वाळून गेले. तू चित्र मागायला येणार असं दाजींचं कार्ड आलं, तेव्हा मी चार दिवस खपून आठवून-आठवून ती नक्कल काढली. डोळे बारीक केले, दात पाडला, कैरी हिरवी केली, तीट लावली. मला वाटलं, जमलं. तुला कागद हातात धरताच कळलं.

अजून एक लिहिते, आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही. गिरिजा गेली त्या श्रावणात विद्यापीठाचं नाव बदलण्यावरून सगळीकडं पेटलं होतं, गाड्या बंद होत्या. गिरिजेला जुलाब-उलट्यांनी धरलं आणि परभणीच्या दवाखान्यात न्यायला वाहन मिळालं नाही. बैलगाडी गंगाखेडच्या सडकेवरून वापस फिरली, कारण सडकेवर दगड होते. ते दगड टाकणाऱ्यांत आदल्या दिवशी दाजीही होते, हे पालमात सगळ्यांना माहीत होतं. तू कधी बोलली नाहीस. बारा वर्षं त्या माणसाला भाकरी वाढायलीस आणि एक शब्द काढला नाहीस. मला वाटायचं, अक्काच्या पोटात सगळं मावतं, माझंही मावेल. त्याच भरवशावर मी वागले.

त्या दिवसांत गावकुसाबाहेरच्या ज्या लोकांची घरं जाळली, त्यांनी तर कोणाचंच काही घेतलं नव्हतं. हेही आपण दोघी कधी बोललो नाही.

मल्लू

सेलू
२२ फेब्रुवारी १९९२

अक्का, शरणार्थ.

तुझं उत्तर नाही. मी मागतही नाही. मी काय करायलेय तेवढं कळवते.

मुंबईचं ते दुकान बंद झालं. बंद होण्याआधी मी त्यांना अकरा पत्रं लिहिली होती. शेवटी तिथल्या एका कारकुनाला दया आली असावी, त्यानं माझी चित्रं घेतलेल्या गिऱ्हाइकांचे पत्ते एका कागदावर उतरून पाठवले. बासष्ट नावं आहेत. नाशिक, इचलकरंजी, नागपूर, रतलाम, कुठं कुठं गेली होती आपली पोरगी! आपण दोघी परभणीच्या पुढं गेलो नाही.

मी प्रत्येकाला कार्ड टाकते. सगळ्यांना एकच मजकूर, पण प्रत्येक कार्ड हातानं लिहिते, नक्कल कागद लावून नाही. "आपल्या घरी कैरी खाणाऱ्या मुलीचे चित्र आहे. कृपा करून ते भिंतीवरून काढून उलटे करून बघावे. डाव्या गालाच्या मागे तेलाचा पिवळा डाग असेल तर ते चित्र एका आईचे आहे." एवढंच. कार्डं घेताना सिताराम म्हणाला, "ताई, हे काय लावलंय? लोक येड्यात काढतील." मी म्हटलं, काढू दे, मी त्यांच्या घरी राहायला थोडीच चाललेय.

चाळीस कार्डं गेली. चौदा उत्तरं आली. एकानं लिहिलं, डाग नाही, पण पाहिजे तर चित्र अर्ध्या किमतीला घ्या. एका बाईनं लिहिलं, आमच्याकडं आंबा आहे, कैरी नाही, आणि मुलगी फार गोड आहे, तुमची कोण? त्या पत्रापुढं मी सकाळभर बसले. कोण म्हणून लिहायचं? ती पोरगी कोणाचीच नाही.

एक गोष्ट तुला सांगायलाच पाहिजे, मग तू काही म्हण. मी डोळे मिटून गिरिजेला आठवायला गेले, तर मला ती विकलेली पोरगी दिसते. मोठे डोळे, पूर्ण दात. मी डोक्यातून ती पुसते, पुन्हा तीच येते. पेन्सिल घेऊन बसले तर हात तिच्याकडंच वळतो. तुझ्याकडून कागद गेला, अक्का, पण तुझ्या डोळ्यांपुढं लेक तरी असेल. माझ्याकडून दोन्ही गेलं. कोणी चोरलं असतं तर शिव्या तरी दिल्या असत्या.

तुला अजून तिचं तोंड नीट आठवतं का? एवढं एकच लिही. 'हो' लिहिलंस तरी पुरे.

मल्लू

सेलू
९ नोव्हेंबर १९९३

अक्का, अक्का,

सापडलं.

कार्डं संपली होती. यादीतलं सत्तावन्नावं नाव खामगावच्या एका कुसुमबाईंचं होतं. त्यांचं घर बदललं होतं, म्हणून माझं कार्ड दीड वर्ष जुन्या घरमालकाकडं पडून होतं. परवा त्यांचं पार्सल आलं. सिताराम सायकलवरून उतरला, तेव्हा तोंड भरून हसत होता. म्हणाला, "ताई, आज मी सही मागणार न्हाई, आधी उघडा." मी आधी सही केली, ती इतकी वेडीवाकडी आली की मास्तर असते तर लाल रेघ मारली असती.

कुसुमबाईंनी चित्र साडीच्या धडप्यात गुंडाळून पाठवलं आहे. चिठ्ठीत लिहिलं आहे, "डाग आहे. तुमचं कार्ड वाचल्यापासून भिंतीवर बघवेना. पैसे पाठवू नका. एक चूक झाली आहे. चित्र आलं तेव्हा गालावर काळं काही लागलेलं होतं. टपालात डाग पडला असं समजून मी ओल्या फडक्यानं पुसून काढलं. मला काय माहीत."

त्यांना काय माहीत! मला माहीत होतं, मी काय केलं?

आता चित्राचं सांगते. मी धडपा सोडला आणि पहिल्यांदा ओळखलंच नाही. एक काळीसावळी, हडकुळी पोरगी. आंबट लागून एक डोळा जवळजवळ मिटलेला. नाकाखाली जरा शेंबूड, तो मी हलक्या पांढऱ्यानं काढला होता, हे मी पार विसरले होते. गळ्यातली लिंगाची डबी एका बाजूला सरकलेली, कारण ती सारखी ओढायची. कानातल्या एका बाळीला दोरा बांधलेला, तोही होता. ही कोण, असं वाटलं आणि मग एकदम कळलं. अक्का, मी ओट्यावर बसून मोठ्यानं रडले. नर्मदाबाई धावत आल्या. त्यांना वाटलं, पालमहून काही बातमी आली.

गालावर तीट होती तिथं रंग धुपलाय, पांढुरका पट्टा पडलाय. मागं डाग आहे. पिवळा, तसाच. मी त्याला हात लावला नाही.

हे मी टपालानं पाठवणार नाही. टपालानं एकदा गेलं, तेवढं बास. मी स्वतः आणून देईन. पण तू 'ये' म्हटल्याशिवाय तुझा उंबरा चढायला मला तोंड नाही. एका ओळीचं कार्ड टाक. संक्रांतीपर्यंत वाट बघते.

मल्लू

सेलू
२० जानेवारी १९९४

अक्का, शरणार्थ.

तुझं कार्ड आलं नाही, तरी मी आले. त्या दिवशी तू माझ्याशी काही बोलली नाहीस, म्हणून हे लिहायलेय. जे तुझ्यासमोर झालं तेच तुला लिहिणं वेडेपणाच आहे. पण माझ्यापाशी आता कागदच उरलाय.

चौदा तारखेला रेडिओवर विद्यापीठाच्या नव्या नावाचं सांगितलं. नर्मदाबाई म्हणाल्या, "थांब दोन-चार दिवस, पुन्हा पेटलं तर?" मी सतराला निघाले. परभणीच्या स्टँडवर पोलीस बसले होते, कंडक्टर दर थांब्याला खाली उतरून बघायचा. पण गाडी चालू होती, अक्का. गंगाखेडपासून पालमपर्यंत मी सडकेकडं बघत होते. कुठं एक दगड नव्हता. मांडीवर चित्र होतं आणि पिशवीत तुझी चप्पल.

दाजी ओट्यावर बसले होते. किती वाळलेत गं! मला बघून उठले. म्हणाले, "मल्लम्मा, तुमची पत्रं ती वाचती, मग मी वाचतो. समदी ठिवलीत तिनं." मी खाली मान घातली. ते म्हणाले, "दगडाचं लिवलंय ते खरं हाय. त्यात एक माझ्या हातचा व्हता." एवढं बोलून त्यांनी घोंगडी झटकली आणि "बसा" म्हणाले. मी बसले नाही. बस म्हणणारी आत होती.

तू आलीस. केस पांढरे झाले आहेत, मला कोणी सांगितलं नव्हतं. मी चित्र पुढं केलं, तर तू समोरून बघितलंच नाहीस. आधी उलटं केलंस. डागावर करंगळी ठेवलीस, किती वेळ ठेवलीस. मग सुलटं केलंस. मला वाटलं, आता रडशील. तू म्हणालीस, "नाक पुसायचं ऱ्हायलं व्हतं बघ हिचं." तेवढंच बोललीस, आणि माझ्याशी नाही, तिच्याशी.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. निघण्याच्या आदल्या दिवशी मी काजळ धरलं होतं. एरंडेलाचा दिवा लावून वर तांब्याची ताटली ठेवून, तुझ्यासारखंच. गालावरचा पांढुरका पट्टा झाकावा, तू बघशील तेव्हा तीट असावी, असं मनात आलं. करंगळी बुडवली. मग धुऊन टाकली. तेवढं एक काम मी नीट केलं, असं मला वाटतं.

तू आत गेलीस आणि तीच पितळी डबी घेऊन आलीस. काजळ वाळलं होतं. त्यात एरंडेलाचा थेंब टाकून करंगळीनं घोळलंस आणि धुपलेल्या गालावर, जिथं होती तिथंच, तीट लावलीस. हात जरासुद्धा हलला नाही. सोळा वर्षांनी तुला जागा शोधावी लागली नाही. मी विचारलं होतं ना, तुला तिचं तोंड आठवतं का म्हणून? उत्तर मिळालं.

बोटाला काजळ उरलं होतं. मी, अक्का, पन्नाशीला आलेली बाई, नकळत मान जरा कलती केली. तू बघितलंस. मला पक्कं ठाऊक आहे, तू बघितलंस. आणि बोट तू स्वतःच्या केसांना पुसलंस.

मग चित्र घेऊन आत गेलीस. मी थोडा वेळ उभी राहिले. चप्पल उंबऱ्याजवळ जोडीनं ठेवली, टाचा दाराकडं, बाहेर जाताना पाय सरळ आत जातील अशी. दाजी स्टँडपर्यंत सोडायला येतो म्हणाले, मी नको म्हटलं.

'माफ कर' असं लिहायला बसले होते. लिहीत नाही. तू केलंस ते बरोबर केलंस. लेक तुझी तुला मिळाली, माझं काम झालं.

घरी आल्यावर हातपाय धुण्याआधी मी आरशासमोर गेले आणि कानामागं बोट फिरवून बघितलं. बोट कोरडंच होतं.

मल्लू